दुधात पाणी, खटला बाटलीत

प्रश्न : मुक्तीनंतर गोव्यात १९५४चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा लागू झाला. तेव्हा दुधात पाणी घालणाऱ्यांवर खटले व्हायचे. लॅक्टोमीटरने पाणी कळत असताना काही विक्रेते सुटायचे कसे?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : लॅक्टोमीटर, म्हणजे दुधाची घनता दाखवणारी काचेची नळी, संशय घ्यायला पुरतो, शिक्षा द्यायला नाही. गाईच्या चांगल्या दुधात तो साधारण २८ ते ३२ दाखवतो. पाणी घातले की आकडा उतरतो, मलई काढली की चढतो. आधी मलई काढून मग बेताने पाणी घातले, तर आकडा जागच्या जागी! आपल्याकडचा उकाडाही फसवतो. ६० अंश फॅरेनहाइटला जुळवलेल्या लॅक्टोमीटरने ८६ अंशांच्या दुधात २६ दाखवले, तर दर अंशाला ०.१ मिळवून खरा आकडा २८.६ होतो. ही बेरीज न करता गवळ्याला चोर ठरवणे हा सरळ अन्याय.

म्हणून कोर्टात सरकारी विश्लेषकाचा, म्हणजे नमुना तपासणाऱ्या तज्ज्ञाचा, अहवालच लागे. त्या काळच्या नियमाने गाईच्या दुधात स्निग्धांश ३.५ टक्के आणि स्निग्धेतर घनपदार्थ ८.५ टक्के हवे असत. खटले ढिले पडत ते नमुना घेताना. अन्न निरीक्षकाने दूध ढवळून, पैसे देऊन, लेखी नोटीस बजावून, साक्षीदारासमोर २२० मिलिलिटर घ्यायचे आणि तीन बाटल्यांत वाटून सील करायचे. सुरुवातीच्या वर्षांत एक बाटली विक्रेत्याला, एक विश्लेषकाला, तिसरी निरीक्षकाकडे. दूध टिकावे म्हणून दर २५ मिलिलिटरला फॉर्मेलिन या रसायनाचे दोन थेंब, म्हणजे बाटलीमागे सुमारे सहा. ते घालायचे राहिले तर दूध नासते. बाटली धुऊन ओली राहिली, तर वकील म्हणणार, पाणी तिथलेच.

उशीर सर्वांत घातक. विक्रेत्याला आपला नमुना केंद्रीय प्रयोगशाळेत तपासून घेण्याचा हक्क होता. दिल्लीच्या घिसाराम या विक्रेत्याच्या खटल्यात खटला भरायला उशीर झाला, तोवर दह्याचा नमुना कुजला आणि तो हक्कच बुडाला. सर्वोच्च न्यायालयाने १९६६ साली त्याची सुटका कायम ठेवली. आमच्या मते ते योग्यच, कारण १९६४च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारणपणे किमान सहा महिने कैद आणि हजार रुपये दंड होता. शिवाय ‘मला ठाऊक नव्हते’ हा बचाव चालत नसे. पुरवठादाराची लेखी हमी असेल, तरच आधार.

५ ऑगस्ट २०११पासून त्या जागी नवा अन्नसुरक्षा व मानके कायदा आहे. नमुन्याचे आता चार भाग होतात. नुसते पाणी घातलेले दूध निकृष्ट ठरते आणि दंड पाच लाखांपर्यंत होऊ शकतो.