पहिल्यांदाच २०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राईड) करतोय, कोकणातल्या किनारी रस्त्याने. आदल्या दिवशी आणि वाटेत काय खावं?

तुम्ही विचारलंय की डिसेंबरात रत्नागिरीच्या बाजूला पहिली २०० ची बीआरएम आहे, तर आदल्या रात्री पास्ता खायचाच का, घरचं खाणं बरोबर न्यावं की जेल, म्हणजे पाकिटातला साखरेचा घट्ट पाक, विकत घ्यावेत. पास्ता राहू द्या. मी गुहागरची. सहा वर्षं याच रस्त्यांवर सायकल चालवतेय. माझी फजिती दोनदा झाली आणि दोन्ही वेळा कारण खाण्यापिण्यातच होतं.

आपल्याकडे काय खायचं याच्याआधी कुठे खायचं ते ठरवावं लागतं. किनारी रस्ता खाडी आली की खाली उतरतो. पूल किंवा जेट्टी ओलांडली की लगेच चढ, वर थोडा सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार, की पुन्हा उतार. हॉटेलं, टपऱ्या बहुतेक खालीच, वाडीत नाहीतर बंदरावर. साहजिकच भूकही तिथेच आठवते. तिथे बसून पोटभर खाल्लं की दहाव्या मिनिटाला चढ सुरू. तेव्हा रक्त पायांकडे धावतं आणि पोटातलं आहे तिथेच पडून राहतं.

पहिल्या वर्षी सरावाला निघाले होते. जयगडला फेरीबोटीची वाट बघता बघता एका हॉटेलात मिसळ खाल्ली, वर दोन पाव जास्तीचे, वर ताक. मिसळ झकास होती, हॉटेलवाल्याचा काही दोष नाही. पलीकडे तवसाळला उतरले, चढाच्या दुसऱ्या वळणावर सायकल जांभ्याच्या गडग्याला टेकवली आणि सगळं गडग्यापलीकडे गेलं. तेव्हापासून खाली फक्त पाणी भरायचं, हवं ते विकत घेऊन खिशात टाकायचं. खायचं ते वर सड्यावर, जिथे वारा असतो आणि एक हात हँडलवरून काढता येतो.

आता किती खायचं. २०० ला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे थांबण्यासकट ताशी १५ च्या आसपास. ही शर्यत नाही. या वेगात पोट नेहमीचं अन्न पचवू शकतं, म्हणून जेलवाचून काही अडत नाही. पण अंगातला साखरेचा साठा, यकृत आणि स्नायू मिळून, चारपाचशे ग्रॅमचाच असतो. तो संपला की पाय असे जड होतात की सायकलला कुणी मागून दोरी बांधलीय असं वाटतं. तेव्हा खाल्लेलं अंगी लागायला अर्धापाऊण तास जातो. म्हणून पहिल्या तासापासून, भूक नसताना, तासाला ४० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. चार खजुरांत २० च्या वर. म्हणजे एका तासाला एक केळं आणि चार खजूर, पुढच्या तासाला दोन राजगिरा लाडू आणि बाटलीत साखर-मिठाचं कोकम सरबत. घड्याळात दर २५ मिनिटांनी गजर लावा. मी अजून लावते.

माझ्या खिशात कायम असते ती आंबापोळी. आदल्या रात्री कात्रीने बोटाएवढे तुकडे करते आणि प्रत्येक तुकडा बटरपेपरात वेगळा गुंडाळते, नाहीतर दुपारपर्यंत सगळ्याचा एकच गोळा होतो. एक तुकडा गालात धरला की चढ संपेपर्यंत पुरतो. फणसपोळीही चालते, पण तिला दात जास्त लागतात. धापा टाकत असताना चावत बसणं नको वाटतं.

दुसरी फजिती शहाळ्याची. मार्चमध्ये लांबच्या राईडला निघाले होते. दिसेल तिथे शहाळं, आणि मधे नुसतं पाणी. आपण किती शहाण्यासारखं वागतोय असं वाटत होतं. दुपारी तीनला बोटं सुजली, अंगठी फिरेना, डोकं ठणकायला लागलं, मळमळ सुरू झाली. लघवी मात्र पाण्यासारखी स्वच्छ. काळ्या शॉर्ट्सवर मिठाचे पांढरे नकाशे उमटले होते, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, पण सोडियम कमी, आणि घामातून जातं ते मुख्यतः सोडियमच. वरून पाणी ओतत राहिलं की रक्तातलं उरलंसुरलं मीठही पातळ होतं. पाणी थांबवून तासभर सावलीत बसले, खारे शेंगदाणे खाल्ले, तेव्हा माणसात आले. अशा वेळी उलट्या व्हायला लागल्या किंवा माणूस असंबद्ध बोलायला लागला, तर थेट दवाखाना गाठायचा.

तेव्हा शहाळं जरूर प्या, पण चिमूटभर मीठ घालून. शहाळंवाला विचित्र नजरेने बघतो, बघू दे. बाटलीच्या पाण्यात लिटरला पाव चमचा मीठ. ओआरएसचं लिटरवालं पाकीट असेल तर उत्तमच, फक्त ते पूर्ण एका लिटरमध्येच मिसळा आणि त्याला खाणं समजू नका. त्यात लिटरमागे साखर असते जेमतेम साडेतेरा ग्रॅम, अर्ध्या केळ्याएवढी. बीपीची गोळी चालू असेल किंवा मधुमेह असेल, तर हे मिठा-साखरेचं गणित आधी आपल्या डॉक्टरांकडून तपासून घ्या.

आदल्या दिवशी फार काही करू नका. दोन्ही वेळा भात नेहमीपेक्षा थोडा जास्त, वरण, लिंबू. उसळी, कोशिंबिरी आणि पालेभाज्या त्या दिवशी कमी, कारण चोथा दुसऱ्या दिवशी भलत्या जागी आठवण करून देतो. बाहेरगावाहून येणार असाल तर रात्रीची सुरमई थाळी परतीच्या दिवसासाठी ठेवा. सोलकढीही तेव्हाच. नारळाचं दूध राईडच्या मधे जड पडतं.

सकाळी सहाला सुटायचं असेल तर साडेतीन-चारला उठून खावं लागतं. मी गुरगुट्या भात खाते, मेतकूट, मीठ, नावाला तूप. लॉजवर राहणार असाल तर रात्रीच मालकांना सांगून उकड्या तांदळाची पेज करून घ्या, सोबत लोणच्याची फोड. सासूबाई म्हणतात, शेतावर जाणारी माणसं पेज पिऊनच दुपारपर्यंत राबायची, तुम्ही काय मोठं नवीन शोधून काढलंत? त्यांचं बरोबर आहे. पाणी, मीठ आणि लगेच पचणारा भात, सगळं एकाच वाडग्यात.

शंभरच्या आसपास काहीतरी खारट आणि गरम खावंसं वाटेलच, कारण तोवर गोडाचा वीट आलेला असतो. पोहे मिळाले तर सोनं. इडली चालेल, दहीभात तर फारच छान. वडापावच दिसला तर दोन पाव आणि एक वडा घ्या, मिरची टपरीवरच ठेवा. चहा हवा तेवढा.

जेलबद्दल विचारलंत म्हणून सांगते, दोन घ्या. त्यातला एक आधी सत्तर-ऐंशी किलोमीटरच्या सरावात खाऊन बघा, पोटाला मानवतो का ते कळेल. दुसरा १७० च्या पुढे ठेवा, जेव्हा चावायचाही कंटाळा येतो. त्यावर चार घोट साधं पाणी प्या. आणि रिकामं पाकीट खिशातच ठेवा, सड्यावर टाकू नका.