मेलच्या शेवटी 'प्लीज ॲडव्हाइस' लिहायचं की 'प्लीज ॲडव्हाइझ'? स्पेलिंगमध्ये सी की एस?

'प्लीज'नंतर एसचंच स्पेलिंग बरोबर, कारण तिथे क्रियापद हवं: सल्ला द्या. सीचं स्पेलिंग म्हणजे नाम, नुसता 'सल्ला'. या जोडीत कानावर भरवसा ठेवा: शेवटी 'स' ऐकू आला तर सी, 'झ' ऐकू आला तर एस. दोन्ही शब्द खरे असल्यामुळे साधा स्पेलचेक ही चूक पकडत नाही. 'सल्ले' म्हणून 'ॲडव्हायसेस' हे अनेकवचनही करू नका, या अर्थाने ते होत नाही.

प्रॅक्टिस आणि लायसन्सलाही हाच नियम आहे, पण तिथे नाम आणि क्रियापदाचा उच्चार एकच, त्यामुळे खरा गोंधळ तिथे होतो. अर्थ बाजूला ठेवून त्या जागी ॲडव्हाइस बसतं की ॲडव्हाइझ ते बघा आणि शेवटून दुसरं अक्षर तसंच ठेवा. 'ड्रायव्हिंग लायसन्स' सीने, 'प्रॅक्टिस एव्हरी डे' एसने.

मात्र हे ब्रिटिश स्पेलिंग झालं. अमेरिकेत प्रॅक्टिस दोन्ही अर्थांनी सीने आणि लायसन्स दोन्ही अर्थांनी एसने लिहितात. ॲडव्हाइसची जोडी तिथेही अशीच राहते.