टिप कुठल्या रकान्यात लिहायची?

(अमेरिकेतल्या रेस्टॉरंटचालक वाचकांनी विचारलेले टिप आणि पेरोलचे, म्हणजे पगाराच्या हिशेबाचे, प्रश्न)

प्रश्न : एडिसनला आमचं छोटं रेस्टॉरंट आहे. यंदापासून पेरोल सॉफ्टवेअरवर घरीच करतो. वेटरांनी कळवलेली टिप पगारात मिळवून डब्ल्यू-२ च्या (कामगाराचा वर्षाचा पगार आणि कापलेला कर दाखवणाऱ्या फॉर्मच्या) रकाना ३ मध्ये टाकली. कर एक पैसाही कमी भरलेला नाही. तरी दुरुस्ती करावी लागेल का?

उत्तर : करावी लागेल. कर बरोबर आहे, जागा चुकली आहे. समजा, एका वेटरचा वर्षाचा पगार १२,००० डॉलर आणि त्याने कळवलेली टिप १८,००० डॉलर. रकाना १ मध्ये दोन्ही मिळून ३०,०००. रकाना ५ (मेडिकेअर, म्हणजे सरकारी आरोग्यविमा) मध्येही ३०,०००. रकाना ३ मध्ये मात्र नुसता पगार, १२,००० आणि टिपचे १८,००० रकाना ७ मध्ये. सोशल सिक्युरिटीचा (सरकारी पेन्शनचा) ६.२ टक्के कर ३ आणि ७ च्या बेरजेवर, म्हणजे १,८६० डॉलर रकाना ४ मध्ये, मेडिकेअरचे १.४५ टक्के, ४३५ डॉलर, रकाना ६ मध्ये.

दर तिमाहीला सरकारला द्यायच्या पगार-कराच्या विवरणावर, फॉर्म ९४१ वरही, हीच विभागणी असते: पगार ओळ ५ए वर, टिप ५बी वर, दोन्ही मिळून ५सी वर. वर्षअखेर सरकार चार तिमाहींच्या ५बी ची बेरीज सगळ्या डब्ल्यू-२ मधल्या रकाना ७ च्या बेरजेशी ताडून बघतं. म्हणून आधी जुने ९४१ काढून बघा. तिथे टिप ५बी वर असेल तर फक्त डब्ल्यू-२सी (डब्ल्यू-२ ची दुरुस्ती) भरा. तिथेही ५ए मध्ये गेली असेल तर ९४१-एक्स (९४१ ची दुरुस्ती) सुद्धा.

एकूण कर तेवढाच असताना हा उपद्व्याप कशाला, असं वाटेल. पण २०२५ ते २०२८ या वर्षांसाठी टिप घेणाऱ्या व्यवसायांतल्या माणसाला वर्षाला २५,००० डॉलरपर्यंतची टिप आयकरातून वजा करता येते. २०२५ च्या विवरणपत्रात ती वजावट दाखवायला बहुतेक वेटर रकाना ७ चाच आकडा धरतात. तो रिकामा असेल तर नुकसान त्याचं. २०२६ पासून डब्ल्यू-२ वर रकाना १२ मध्ये 'टीपी' या संकेताने टिपची रक्कम आणि १४बी मध्ये व्यवसायाचा संकेतांकही द्यायचा आहे (वेटरसाठी १०२). सॉफ्टवेअरमध्ये टिपसाठी वेगळा प्रकार आजच लावून घ्या. 'बोनस' किंवा 'इतर' खाली टाकलेली टिप डिसेंबरात उपसत बसणं म्हणजे डोकेदुखी.

प्रश्न : सहा किंवा जास्त माणसं असली की आम्ही बिलात १८ टक्के आपोआप लावतो आणि ते सगळे वेटरला देतो. ती टिपच ना?

उत्तर : नाही, आणि सगळ्यात जास्त लोक इथेच घसरतात. टिप म्हणजे गिऱ्हाइकाने आपखुशीने, किती द्यायचे ते स्वतः ठरवून दिलेले पैसे. दुकानाच्या नियमाने रक्कम ठरली की ते सेवा शुल्क, मग बिलावर 'ग्रॅच्युइटी' (इथे अर्थ टिप) छापलेलं असो. वेटरला दिलं की तो पगार: रकाना १, ३ आणि ५, रकाना ७ मध्ये नाही, ९४१ वर ५ए. २५,००० च्या वजावटीतही ते बसत नाही. वेटरला टिपचा फायदा मिळावा असं वाटत असेल तर आपोआप आकार काढून टाका आणि बिलाखाली १५, १८, २० टक्क्यांचे नमुना आकडे छापून टिपची जागा रिकामी ठेवा. रक्कम गिऱ्हाइकानेच भरली तर ती टिप. कार्डावर दिली म्हणून तिचं टिपपण जात नाही.

प्रश्न : रोख मिळालेली टिप वेटर सांगतच नाहीत. जबाबदारी कुणाची?

उत्तर : सांगण्याची त्यांची, मागण्याची तुमची. महिन्यात २० डॉलर किंवा जास्त टिप झाली की वेटरने पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत लेखी कळवायचं. नाव, पत्ता, सोशल सिक्युरिटी क्रमांक, दुकानाचं नाव-पत्ता, कालावधी, रक्कम आणि सही, एवढं असलेला कागद पुरतो. ९० डॉलर टिपमधले १५ डॉलर टेबल साफ करणाऱ्याला दिले असतील तर वेटर ७५ लिहील, तो १५.

दुकान मोठं असेल, म्हणजे स्वयंपाकघरासह सगळ्यांच्या कामाचे तास सरासरी दिवसाला ८० पेक्षा जास्त, आणि बसून खाणारं गिऱ्हाईक टिप देत असेल, तर फॉर्म ८०२७ (दुकानाची विक्री आणि टिप यांचं वार्षिक विवरण) सुद्धा लागतो. कळवलेली टिप विक्रीच्या ८ टक्क्यांहून कमी भरली तर फरक वाटून द्यावा लागतो. ४०,००० च्या विक्रीवर ३,२०० व्हायला हवेत, आले २,७००, तर ५०० डॉलर कमी कळवणाऱ्यांच्या नावावर रकाना ८ मध्ये जातात. पार्सलची विक्री यात धरत नाहीत. रकाना ८ ची रक्कम १, ३, ५, ७ मध्ये मिळवू नका आणि तिच्यावर कर कापूही नका. तो हिशेब वेटर स्वतःच्या विवरणपत्रात करतो.

प्रश्न : ह्यूस्टनला आम्ही वेटरला ताशी २.१३ डॉलर देतो. टिप इतकी येते की पगारातून कर कापायला पैसेच उरत नाहीत. मग?

उत्तर : ४० तासांचा पगार ८५.२०. टिप १,१०० असेल तर दोन्हींवर ७.६५ टक्के (सोशल सिक्युरिटीचे ६.२ आणि मेडिकेअरचे १.४५) म्हणजे ९०.६७ डॉलर. ५.४७ कमी पडले, आयकराची गोष्टच दूर. क्रम असा: आधी पगारावरचे कर, मग टिपवरचे सोशल सिक्युरिटी-मेडिकेअर, शेवटी टिपवरचा आयकर. कमी पडलेले पैसे वेटरकडून रोख घेता येतात किंवा पुढच्या पगारातून कापता येतात. तरीही टिपवरचे सोशल सिक्युरिटी-मेडिकेअर राहिले तर ते रकाना १२ मध्ये अनुक्रमे 'ए' आणि 'बी' संकेताने दाखवा. ९४१ वर ही वजावट ओळ ९ वर येते. तुमच्या वाट्याचे ७.६५ टक्के मात्र पूर्ण भरायचेच, त्यात सूट नाही.