शेवटचं नीट कधी पाहिलं?

प्रश्न: माझे बाबा ६८ वर्षांचे. रात्री साडेदहाला माझ्याशी बोलून झोपले. सकाळी सहाला उठवायला गेले तर तोंड वाकडं झालेलं, उजवा हात उचलत नव्हता, शब्द फुटत नव्हता. सहा चाळीसला आम्ही इस्पितळात होतो. तिथे त्यांच्या बोटाला टोचलं, शर्ट कात्रीनं कापला आणि स्ट्रेचर पळवतच स्कॅनला नेलं. चार जणांनी मला एकच विचारलं, शेवटचं नीट कधी पाहिलं? आधी मी ‘सहाला’ म्हणाले, मग चूक लक्षात आली आणि ‘रात्री साडेदहाला’ असं सांगितलं. त्यानंतर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येणार नाही म्हणाले. मोठी रक्तवाहिनी बंद नाही, पण मेंदूच्या डाव्या बाजूला झालेली इजा स्कॅनमध्ये स्पष्ट दिसते आहे, असं सांगितलं. रक्तदाब १९० होता, त्यावरही गोळी दिली नाही. आता बाबा काठी घेऊन चालतात, बोलताना अडखळतात. मी ‘सहा’वरच ठाम राहिले असते तर ते बरे झाले असते का? हा विचार मला झोपू देत नाही.

उत्तर: तुम्ही सहावर ठाम राहिला असतात, तर कदाचित बाबा आज काठी घेऊनही चालत नसते. हे मी तुम्हाला धीर यावा म्हणून लिहीत नाही, कॅज्युअल्टीत एकोणीस वर्षं काढलेली डॉक्टर म्हणून लिहिते आहे.

बाबांना आला तो अर्धांगवायूचा झटका, म्हणजे मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. ते इंजेक्शन गुठळी विरघळवतं, पण ती गुठळी कुठली हे त्याला कळत नाही. रक्त गोठण्याची सगळ्या शरीराची ताकद ते काही काळ काढून घेतं. रक्त न मिळालेला मेंदूचा भाग तासागणिक मऊ पडत जातो, तिथल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती कच्च्या होतात. त्या भागात रक्त पुन्हा जोरानं शिरलं की भिंती फुटतात. अगदी वेळेत, पहिल्या तीन तासांत इंजेक्शन दिलं, तरी शंभरातल्या सुमारे सहा जणांच्या मेंदूत लक्षणं वाढवणारा रक्तस्राव झाला, असं १९९५च्या मूळ अभ्यासात दिसलं होतं. २००८च्या एका अभ्यासानंतर ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढली. बाबांच्या बाबतीत आठ तास उलटून गेले होते आणि इजा साध्या स्कॅनमध्येही दिसू लागली होती.

झटका झोपेत आला असेल तर तो साडेदहाला आला की साडेपाचला, हे कोणीच सांगू शकत नाही. म्हणून घड्याळ उठल्याच्या वेळेपासून नाही, माणूस शेवटचा धडधाकट दिसला तिथपासून लावतात. काही रुग्णांत एमआरआय करून झटका ताजा आहे का याचा अंदाज घेता येतो आणि मग इंजेक्शन देता येतं. मोठी रक्तवाहिनी बंद असेल तर निवडक रुग्णांत चोवीस तासांपर्यंत नळी घालून गुठळी ओढून काढता येते. पण तुम्हीच लिहिलं आहे की मोठी रक्तवाहिनी बंद नव्हती आणि इजा स्पष्ट दिसत होती. म्हणजे हे दोन्ही दरवाजे बंद होते, आणि ते तुमच्या उत्तरानं बंद झाले नव्हते.

एकच प्रश्न चार जणांनी का विचारला? मी नवी होते तेव्हा एका गृहस्थांना आणलं होतं. पत्नी म्हणाली, ‘आत्ताच झालं, तासाभरापूर्वी.’ स्कॅन झाला, रक्तस्राव नव्हता, मी इंजेक्शन भरायला घेतलं. आमच्या वयस्क सिस्टर त्या बाईंच्या शेजारी जाऊन बसल्या आणि शांतपणे विचारलं, ‘रात्रीची गोळी घेतली होती का त्यांनी?’ बाईंनी पिशवीतून डबी काढली. रात्री नऊची गोळी तशीच होती. मग आठवत आठवत कळलं, ते जेवणाआधीच ‘बरं वाटत नाही’ म्हणून पडले होते आणि नंतर कोणी त्यांच्याशी बोललंच नव्हतं. मी सुई खाली ठेवली. बाई खोटं बोलत नव्हती. तिच्या दृष्टीनं झटका तिला दिसला तेव्हाच आला होता. तेव्हापासून मीही तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारते. घाबरलेल्या माणसाला पहिल्या खेपेला बरोबर वेळ क्वचितच आठवते. तुम्हाला दुसऱ्या खेपेला आठवली, हे मला फार मोलाचं वाटतं.

बाकीची धावपळही तशीच विचारानं केलेली असते. बोटाला टोचलं ते साखरेसाठी, कारण साखर फार उतरली तर हुबेहूब अर्धांगवायूसारखंच दिसतं आणि ग्लुकोज दिल्यावर माणूस मिनिटांत सावरू शकतो. लुळ्या हातातून बाही काढण्यात वेळ घालवायचा नसतो, म्हणून कात्री. स्कॅनची घाई याकरता की गुठळी आणि रक्तस्राव बाहेरून सारखेच दिसतात आणि दोघांचे उपचार एकमेकांच्या उलट आहेत. म्हणूनच अशा वेळी घरी अ‍ॅस्पिरिन देऊ नये. छातीत दुखतं तेव्हाचा सल्ला इथे चालत नाही. पाणीसुद्धा पाजू नये, गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जातं.

१९०वर गोळी न देणं हा हलगर्जीपणा नव्हता. गुठळीच्या पलीकडचा अर्धमेला भाग त्या वाढलेल्या दाबावरच तग धरून असतो. इंजेक्शन द्यायचं असेल तर दाब १८५/११०च्या खाली आणावाच लागतो. द्यायचं नसेल तर पहिल्या दिवशी साधारण २२०/१२०पर्यंत आम्ही सहसा हात लावत नाही.

सकाळी सहाला पाहिलं आणि चाळीस मिनिटांत पोचलात. त्याहून लवकर तुम्ही काय करणार होतात? रात्रभर उशाशी बसून?

आता पुढचं. अडखळणारं बोलणं स्पीच थेरपीनं बऱ्याच महिन्यांनंतरही सुधारतं, ती मध्येच सोडू नका. रक्तदाबाच्या आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नका. आणि पुढच्या तपासणीला गेलात की एक आवर्जून विचारा: बाबांच्या हृदयाचे ठोके कधी अनियमित आढळले आहेत का? एका ईसीजीत ते निसटू शकतं, म्हणून गरज वाटली तर चोवीस तास किंवा त्याहून जास्त वेळ ठोक्यांची नोंद ठेवणारं यंत्र लावतात. तसं आढळलं तर त्यांची रक्त पातळ करणारी गोळी बदलावी लागेल.