टॅरिफला जकात म्हटलं तर चालेल का?

प्रश्न असा आलाय की २०२५ मध्ये बातम्यांमध्ये सारखं 'अमेरिकेचं भारतावर ५० टक्के टॅरिफ' असं यायचं, तर या टॅरिफला मराठीत जकात म्हणायचं की आयातशुल्क?

माझं मत विचाराल तर मूळ शब्द जकातच. १६७१ मध्ये शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सुभेदाराला पत्र पाठवलं होतं, की पोर्तुगीजांच्या बारदेशातलं (गोव्यातलं) मीठ स्वस्त पडतं म्हणून व्यापारी तिकडे वळतायत, आपलं संगमेश्वरकडचं मीठ पडून राहील, तर त्या मिठावर जबर जकात बसवा. म्हणजे आज जे चाललंय तेच, फक्त मिठापुरतं! पण पुढे जकात म्हटलं की लोकांना मुन्शिपाल्टीचा नाकाच आठवायला लागला आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर मुंबईतली जकातही गेली. त्यामुळे आता लिहिताना आयातशुल्क बरं, बोलताना टॅरिफ.

तरी त्या नाक्याचा एक फायदा होता, पैसे कोण भरतं ते डोळ्यांना दिसायचं. आमचा मामा भिवंडीहून टेम्पोत कापड घेऊन यायचा, मुलुंडच्या नाक्यावर लाईनीत तासभर काढून पावती फाडायचा आणि मग ते पैसे मुंबईच्या गिऱ्हाइकाकडून वसूल करायचा. 'भिवंडीवर जकात लावली' असं कोणी कधी म्हटलं नाही. तसंच ऑगस्ट २०२५ मध्ये ट्रम्पनी आधी २५ आणि मग रशियन तेलावरून आणखी २५ टक्के लावले, ते भारतीय मालावर, आणि कस्टमला पैसे भरणार अमेरिकेतला आयातदार. आपल्याला फटका बसतो तो नंतर, म्हणजे तो आयातदार कोळंबीचा नाहीतर हिऱ्यांचा भाव पाडून मागतो किंवा ऑर्डरच थांबवतो तेव्हा. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जाहीर केलेले दर आठवड्याभरात ९० दिवसांसाठी थांबवले होते, मग ऑर्डर देणारा तरी कुठल्या हिशोबाने देणार. म्हणून 'भारतावर' नको, 'भारतीय मालावर' म्हणा.

आता गंमत. टॅरिफ हा शब्द मूळचा अरबी, अर्थ 'कळवणं, माहिती', इटालियनमधून इंग्रजीत गेला. दरांचं पत्रक ते टॅरिफ, म्हणून तर विजेचंही टॅरिफ असतं. आणि आपली तारीफ त्याच धातूतली, 'अमक्याच्या मारफत' मधली मारफतसुद्धा! म्हणजे ट्रम्पनी २०२५ मध्ये आपली तारीफच केली म्हणायची.

हो, लिंगाचं राहिलं. 'टॅरिफ लावला' आणि 'लावलं' दोन्ही ऐकू येतं, मी शुल्कासारखं नपुंसकलिंगी वापरतो.