सव्वातीनला शाळेच्या फाटकात कोण?

बाय,

तुझा लांबलचक मेसेज काल रात्री वाचला. नवऱ्याच्या आजोबांचा तेओर, म्हणजे पोर्तुगीज काळातला जन्मनोंदीचा दाखला, सापडला, एजंट म्हणतो लिस्बनला जन्माची नोंद करून घेऊ, पोर्तुगीज पासपोर्ट हातात पडला की कुठंही जायला मोकळे. मुलगी पाच वर्षांची. तर लिस्बनला जावं, आयर्लंडला जावं की माझ्याकडे इंग्लंडमधल्या स्विंडनला यावं, आणि मुलीचं काय होईल, असं तू विचारलं आहेस. यंदा, 2025 च्या गणपतीच्या चवथीला, मी गोव्यात डिचोलीत आहे तेव्हा समोर बसूनच बोलायला हवं होतं, पण घरात अठरा माणसं, उद्या पाच दिवसांचं विसर्जन आणि परवा विमान. म्हणून माटोळीखाली, गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीखाली, बसून लिहिते आहे. मध्येच डोक्यावर एखादं रानफळ पडलं तर वाक्य तुटेल.

स्विंडन आधी डोक्यातून काढ. आम्ही 2015 मध्ये गेलो तेव्हा पोर्तुगीज पासपोर्टवर विलायतेत उतरून दुसऱ्या दिवशी कामाला लागता येत होतं. 31 डिसेंबर 2020 नंतर तो दरवाजा बंद झाला. आमच्यासारखे आधीपासून राहत होते त्यांनी जून 2021 पर्यंत अर्ज करून आपला हक्क राखला. आता त्या पासपोर्टवर तिथं फिरायला जाता येतं, काम करता येत नाही. कामाचा व्हिसा हवा तर कंपनीनं बोलवावं लागतं, आणि 22 जुलै 2025 पासून त्यासाठी साधारण 41,700 पाउंड वर्षाचा पगार लागतो. म्हाताऱ्यांच्या देखभालीचं काम देऊन बाहेरून माणसं नेण्याची वाटही त्याच दिवशी बंद झाली. कुणी एजंट ‘केअरचं काम लावून देतो’ म्हणाला तर फोन ठेव.

पोर्तुगाल आणि आयर्लंड उघडे आहेत. युरोपीय संघातले सगळे 27 देश उघडे आहेत. पण लिस्बनमधला किमान पगार 2025 मध्ये महिन्याला 870 युरो होता, आणि घरभाडं त्याला गिळून टाकतं. वर भाषा नवी. आयर्लंडमध्ये इंग्रजी आहे, 2025 मध्ये तासाला किमान साडेतेरा युरो होते, पण घर मिळता मिळत नाही अशी तिथं गेलेल्या आपल्या लोकांची एकच ओरड. मी दोन्हीकडे राहिलेले नाही, त्यामुळे त्यांच्या गल्ल्या मी तुला सांगणार नाही.

एजंट एक गोष्ट सांगत नाही, ती मी सांगते. 19 डिसेंबर 1961 च्या, म्हणजे गोवा मुक्त होण्याच्या, आधी इथं जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगाल आपलं मानतो, हे खरं. पण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. लिस्बनची नोंद म्हणजे ‘नुसता एक जास्तीचा कागद’ नव्हे. भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो, मतदान जातं, नंतर ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड, घेऊन आपल्याच गावात पाहुण्यासारखं यावं लागतं. ओसीआयवर शेतजमीन, बागायत विकत घेता येत नाही. वारशानं आली तर येते. आमच्या घरच्या बागायतीची वाटणी गेल्या वर्षी निघाली. गोव्यात नवऱ्याची आणि बायकोची, दोघांचीही सही लागते हे तुला ठाऊक आहेच. आमच्या दोन सह्यांसाठी मुखत्यारपत्र करण्यात सात महिने गेले, आणि भाऊ म्हणाला, ‘तुम्ही दोघं आता कागदावरच राहता.’ तो हसत म्हणाला. मला हसू आलं नाही.

आम्ही गेलो ते हौसेनं गेलो नव्हतो. 2012 मध्ये बंदी येऊन गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या तेव्हा आमच्या दोन टिप्परांचे हप्ते चालू होते. डिचोली-सांखळीच्या रस्त्यावर तेव्हा ट्रक अंगणात उभे राहून गंजत होते, तुला आठवत असेल. 2014 ला बंदी उठली, पण आमच्या ट्रकांना पहिल्यासारखं काम मिळालं नाही. तोवर सासऱ्यांचे कागद लिस्बनला पोचले होते. 2018 मध्ये खाणी पुन्हा बंद पडल्या तेव्हा आम्ही स्विंडनच्या एका गोदामात खोकी भरत होतो. तुझ्या नवऱ्याची नोकरी आहे, डोक्यावर हप्ता नाही. तुमची गरज आमच्यासारखी नाही, मग आमचा मार्ग तुम्ही का धरता, हे मला अजून कळलेलं नाही. ‘सगळे जातात’ हे कारण तू मेसेजमध्ये दोनदा लिहिलं आहेस.

आता मुलीचं. तू पगाराचा हिशोब पाठवलास, त्यात एक रकाना नाही: हात. इथं तुझी मुलगी बालवाडीतून येते तेव्हा सासू असते, सासू देवळात गेली तर जाऊ असते, तीही नसली तर शेजारची काकी तिला भात भरवते आणि संध्याकाळी सांगते. हे हात फुकट असतात म्हणून हिशोबात येत नाहीत. आम्ही तिकडे गेलो तेव्हा माझा मुलगा पाचच वर्षांचा होता. शाळा सव्वातीनला सुटते. लहान मुलाला न्यायला मोठं माणूस फाटकात उभं असल्याशिवाय बाई हात सोडत नाही. नवऱ्याची पाळी सकाळी सात ते तीन, माझी रात्री दहा ते सहा. चार वर्षं आम्ही नवराबायको जिन्यात भेटलो. मी कामावरून येऊन त्याला शाळेत सोडायची, झोपायची, आणि गजर लावायचा तो पावणेतीनचा. एकदा गजर ऐकू आला नाही. वीस मिनिटं उशीर. पोर शाळेच्या ऑफिसात खुर्चीवर बसलं होतं, दप्तर पाठीवर तसंच. रडत नव्हतं. मला म्हणालं, ‘आई, तू मेलीस की काय असं वाटलं.’

ते हात इकडच्यांसाठीही तुटतात. 2025 च्या मे महिन्यात इथं शिरगावला लईराई देवीच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली. माझा धाकटा भाऊ धोंड, म्हणजे देवीचं व्रत पाळणारा भक्त, आहे, दरवर्षी वेत घेऊन जातो. इथं पहाट, तिकडे आमच्याकडे रात्रीचे अकरा. गोदामात फोन आत नेता येत नाही, लॉकरमध्ये ठेवतात. मी रात्रभर शाम्पूच्या बाटल्या खोक्यात भरत होते. सकाळी सहाला लॉकर उघडला तर सदतीस मिस्ड कॉल. भाऊ सुखरूप होता, त्याच्या ओळखीचा एक गेला. तो फोन हातात धरून मी बसस्टॉपवर उभी होते, आणि बाजूच्या बाईनं सवयीनं म्हटलं, ‘छान सकाळ आहे, नाही?’ तिची काही चूक नाही.

चवथीबद्दल विचारलंस. चवथ सहसा त्यांची शाळा नुकती उघडलेली असते तेव्हा येते. न विचारता आठवडाभर मुलाला गोव्याला नेलं तर दर मुलामागे आईला ऐंशी आणि बापाला ऐंशी पाउंड दंड, उशीर केला तर दुप्पट. धार्मिक सणाची म्हणून एखादा दिवस रजा मिळते, त्यात आपला गणपती मावत नाही. यंदा चवथ 27 ऑगस्टला, सुटीतच आली, म्हणून दहा वर्षांत दुसऱ्यांदाच आम्ही इथं आहोत. 2026 मध्ये 14 सप्टेंबरला आहे, म्हणजे पुन्हा तिकडेच. तिथं आम्ही कपडे वाळवायच्या स्टँडवर माटोळी बांधतो: मक्याची कणसं, सफरचंदं, बागेतले लाल मण्यांचे घोस. धूप पेटवला की छताचा धुराचा अलार्म वाजतो, म्हणून आरतीच्या वेळी मुलगा खुर्चीवर चढून त्याला टॉवेल गुंडाळून धरतो. माझी सात वर्षांची मुलगी हेच विधीचा भाग समजते. इथं आल्यावर पहिल्या दिवशी तिनं विचारलं, ‘टॉवेल कोण धरणार?’

भाषेचं तू घाबरू नकोस, पण आळसही करू नकोस. आपल्या घरांत कोकणी बोलायची, मराठी वाचायची, आरती-भजन मराठीत, हे आपल्याला इतकं अंगवळणी पडलं आहे की समजावून सांगता येत नाही. लंडनला महाराष्ट्र मंडळात गेले होते, ते 1932 पासूनचं. तिथं एका बाईंनी विचारलं, ‘तुम्ही नक्की मराठी की कोकणी?’ स्विंडनच्या आपल्या ख्रिस्ती गोंयकारांत गेलं की ते कोकणी रोमीत, म्हणजे रोमन लिपीत, लिहितात, मला वाचताना अक्षर अक्षर लावावं लागतं, पण जेवायला तेच बोलावतात. माझ्या मुलीचा हिशोब सरळ आहे: देवाशी मराठी, आई रागावली की कोकणी, उरलेलं सगळं इंग्रजी. मुलाला मराठी वाचता येत नाही. ती माझी चूक. दमून आल्यावर रविवारी त्याला बाराखडी घेऊन बसवायचं त्राण नव्हतं, आणि तेव्हा वाटलं होतं, पुढे बघू. आता पंधरा वर्षांचा आहे, आजोबांनी त्याच्यासाठी लिहिलेलं पत्र मी वाचून दाखवते आणि तो मोबाइल बघत ऐकतो.

आणि लोक कसे आहेत? चांगले आहेत, बहुतेक. 2024 च्या जुलैअखेरीस इंग्लंडमधल्या साउथपोर्टला लहान मुलींवर हल्ला झाला, मग हल्लेखोर बाहेरून आलेला असल्याच्या अफवा, मग गावोगाव स्थलांतरितांविरुद्ध दंगे. आमच्या गल्लीत काही झालं नाही, पण तीन दिवस मुलांना खेळायला सोडलं नाही. 2025 च्या उन्हाळ्यात दिव्यांच्या खांबांवर इंग्लंडचे झेंडे लागले. मुलानं विचारलं, ‘हे आपल्याला उद्देशून आहे का?’ मी म्हटलं, सगळं नाही. मग रात्री झोप लागेना, कारण मला गोव्यातल्या आमच्या आवारातल्या खोलीत राहणारं, बाहेरून आलेलं ते कुटुंब आठवलं. बाप बांधकामावर, आई घरकामाला. आम्ही सगळे त्यांना ‘घाटी’ म्हणायचो, तोंडावरसुद्धा. त्यांची मुलगी नळावर पाणी भरायला आली की मी बादली पुढे सरकवायची नाही. काल इथंच चहा घेताना दीर ‘भायल्यां’नी, बाहेरून आलेल्यांनी, गोवा कसा बिघडवला ते सांगत होते. जमिनी विकल्या कुणी, असं मी विचारलं. उत्तर आलं नाही. मला म्हणाले, तू आता तिकडची झालीस.

एक मात्र तुला खरं सांगायला हवं, नाहीतर मी रडगाणंच गायले असं होईल. तिकडे माझ्या नावावर पगार येतो, गाडी मी चालवते, रात्री दहाला एकटी घराबाहेर पडते आणि कुणी ‘खंय गे?’, कुठं गं, विचारत नाही. नवरा माशाचं हुमण रांधतो, कपडे घड्या करतो. इथं आल्या आल्या तोच माणूस खुर्चीवर बसून पाणी मागायला लागला. तीन दिवस बघितलं, चौथ्या दिवशी तांब्या त्याच्या हातात दिला आणि विहिरीकडे बोट दाखवलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत, गालात हसल्या.

तर माझं म्हणणं असं: दोघांनी एकदम जाऊ नका. गेलंच पाहिजे असेल तर नवऱ्यानं बिनपगारी रजा मिळते का बघावं, सहा महिने एकट्यानं जाऊन यावं, आणि मुलीची शाळा सुटल्यावर फाटकात कोण उभं राहणार त्या माणसाचं नाव त्यानं तुला सांगावं. नाव सांगता आलं तर पुढचं बोलू. लिस्बनची नोंद मात्र त्या आधी करू नका. तिथून परत फिरणं सोपं नाही.

आणि तेओरचा फोटो मला आजच पाठव. त्यावर आजोबांचं नाव पोर्तुगीज धाटणीनं लिहिलेलं असणार. आमच्या सासऱ्यांचं तिथं ‘एक्स’नं सुरू होत होतं आणि शाळेच्या दाखल्यात ‘एस’नं. त्या एका अक्षरापायी अकरा महिने गेले.