जर्मनीला यावं का? लेक कितवीत आहे, ते आधी बघ

स्टुटगार्टजवळ गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीची ऑफर आहे, लेक तिसरीत आहे, बातम्यांत सगळीकडे मंदी दिसते, तर ताई, यावं का, असं तू विचारलंस. व्हिसा, ब्लू कार्ड (कुशल परदेशी माणसाचा राहण्या-कामाचा परवाना), पगाराची अट हे सरकारी संकेतस्थळांवर नीट दिलेलं आहे. ते मी उगाळत नाही.

मंदी खरी आहे. 2023 आणि 2024, सलग दोन वर्षं इथली अर्थव्यवस्था आकसली. ऑगस्ट 2025 मध्ये बेरोजगार 30 लाखांच्या वर गेले, दहा वर्षांत पहिल्यांदा. ही घसरण कुठून आली ते बघ, कारण तुझी ऑफर नेमकी तिथलीच आहे. चीनला 2022 मध्ये जवळपास 107 अब्ज युरोंचा माल गेला होता, 2024 मध्ये 90 अब्जांच्या आसपास. चिनी गिऱ्हाईक आता स्वतःच्याच देशाची इलेक्ट्रिक गाडी घेतं. अमेरिकेने 2025 मध्ये गाड्यांवरचं आयातशुल्क अडीच टक्क्यांवरून साडेसत्तावीसवर नेलं. जुलैतल्या समझोत्यात ते 15 वर आलं, म्हणून इथे लोकांनी सुस्कारा सोडला! फोक्सवॅगन 2030 पर्यंत 35 हजार जागा कमी करतेय, सुटे भाग बनवणाऱ्या बॉशने सप्टेंबर 2025 मध्ये आणखी 13 हजारांचं जाहीर केलं. आणि याच देशाने 2024 मध्ये भारतीयांसाठी कुशल कामगारांचे व्हिसा वर्षाला 20 हजारांवरून 90 हजारांवर नेऊ म्हटलं. तेही खोटं नाही. नर्स, इलेक्ट्रिशियन, बसचालक हवेच आहेत. इंजिनाचे भाग तपासणारा इंजिनिअर तितका नकोय, एवढंच.

कुणी सांगत नाही ती गोष्ट अशी: कंपनी मंदीमुळे माणसं काढते तेव्हा नोकरीची वर्षं, वय, घरातली खाणारी तोंडं आणि अपंगत्व बघून कोणाला ठेवायचं ते ठरतं. कायदा चांगलाच आहे, पण नवा आलेला तरुण त्यात तळाला जातो. शिवाय तुझा मुक्कामच नोकरीवर टांगलेला. शेजारच्या टेबलावरच्या जर्मन माणसाची नोकरी गेली तर त्याची फक्त नोकरी जाते.

आमच्याकडे ह्यांचं 'कुर्त्सआर्बाइट' झालं, म्हणजे तास कमी आणि कापलेल्या पगाराचा काही भाग सरकारकडून. मूल असल्याने 67 टक्के. पैशांचं निभावलं. पण त्याच काळात कार्डाची मुदत संपली, कार्यालय ईमेलला उत्तर देईना, तात्पुरता कागदही मिळेना, आणि सासऱ्यांच्या वर्षश्राद्धाला नाशिकला जाता आलं नाही. तो कागद नंतर साध्या टपालाने आला, माफीचा शब्द नाही. मी अजून त्या इमारतीवरून जाताना दुसऱ्या फुटपाथने जाते. हास्यास्पद आहे, माहीत आहे.

आता लेकीचं. इथे चौथीच्या मध्यावर शाळा पुढच्या शाळेची शिफारस देते: गिम्नाझियुम, म्हणजे विद्यापीठाकडे नेणारी, रेआलशूल, म्हणजे मधली, की त्याखालची. माझा मुलगा तिसरीत आला. नाशिकला गणितात पहिला. इथे शिक्षिका गोड हसून म्हणाल्या, भाषा कच्ची आहे, रेआलशूलच बरी, ताण नको. भाषा कच्ची असणारच ना, वर्षच झालं होतं! आज तो तिथे मजेत आहे, फुटबॉल खेळतो, पुढे व्यावसायिक शिक्षण घेऊन मेकॅट्रॉनिक्स करीन म्हणतो. त्याला काही वाटत नाही. मलाच वाटतं, आणि कुणी भारतातून विचारलं की 'शाळा चांगली आहे' एवढंच सांगते.

एकटेपणाचं विचारू नकोस. गणपतीला दोनशे माणसं भेटतात, नोव्हेंबरात कुणी नाही. सवय होते.

तर आधी कंपनीला विचार: माल कुठल्या गाडीत जातो, पेट्रोलच्या की बॅटरीच्या? त्यातला अमेरिकेला किती? करार कायमचा की मुदतीचा? उत्तर गोलमोल आलं तर पुण्यातच थांब, चाकणला तुझ्या कामाला मागणी आहे. उत्तर सरळ आलं तर तिघं एकत्रच या, 'मी आधी जातो, तुम्ही नंतर' करू नकोस. ते वर्ष मी नाशिकला काढलंय. आणि लेकीची जर्मन शिकवणी याच आठवड्यात लाव. तुझी नंतर लागली तरी चालेल.